टिंबांची ओळ

"प्रभाण्णा, आवो त्या नवरीचं नाव तरी घाला की पत्रिकेत! का नवरदेवाचं एकट्याचंच लगीन लावतायसा?"

गणपतराव प्रेसच्या दारातूनच ओरडले. प्रभुलिंगनं कानावरचा हेडफोन काढला, गाणं थांबवलं आणि पाहिलं, तर खरंच. पत्रिकेवर नवरदेव होता, त्याचे आजोबा होते, चार मामा होते, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरंसुद्धा होती. नवरीच्या जागी नुसती मोकळी रेघ. आणि पार्टी पत्रिका न्यायला गारगोटीहून सकाळीच निघालेली.

"आत्ता घालतो, मालक. दुपारच्या सुट्टीत जरा त्ये गाण्याचं..."

"सुट्टी कवाच सपली! तुमचं त्ये गाणं माझ्या प्रेसला कुलूप लावतंय बगा एक दिवस."

गणपतराव तोंडाचे फटकळ, पण मनाचे वाईट नव्हते. लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या प्रेसमध्ये प्रभुलिंग शिशाचे खिळे जुळवायचा तेव्हापासून होता. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तर पन्नाशीच्या तोंडावर तोही शिकला. इतक्या वर्षांत त्यानं कुणाची नवरी पळवली नव्हती. आता मात्र डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ते का नव्हतं हे गणपतरावांनाही ठाऊक होतं. म्हणून तर नुसतं ओरडून ते आत गेले.

काम म्हटलं तर पोरखेळ. गाणं वाजत असताना त्याच्या ओळी एकेक करून पडद्यावर याव्यात, एवढंच. त्यासाठी एका साध्या फाईलमध्ये ओळी टाईप करायच्या आणि प्रत्येक ओळीच्या आधी चौकटी कंसात वेळ घालायची. गाणं त्या वेळेला पोचलं की ती ओळ दिसते. पुण्यामुंबईची कॉलेजातली पोरं हिंदी गाण्यांच्या असल्या फाईली चहा पिता पिता करतात म्हणे. प्रभुलिंगला एका गाण्यानं दिवाळीपासून माघापर्यंत रडवलं होतं.

गाणं त्याच्या बायकोचं, शिवलीलाचं होतं.

गेल्या चैत्रात भाकरी थापता थापता शिवलीला परातीवरच कलली. उजवा हात गेला, पाय फरफटायला लागला. तेही एक वेळ सोसलं असतं, पण वाचा गेली. दोन शब्द तेवढे मागं राहिले: 'व्हय की'. भूक लागली का? व्हय की. मग वाढू का? व्हय की, आणि ताट बाजूला सारायची. दुखतंय? व्हय की. दुखत न्हाय? व्हय की. कधी ती हेच दोन शब्द हसत म्हणायची, कधी ओरडून, कधी डोळ्यांत पाणी आणून, आणि प्रभुलिंगनं ओळखायचं की बाईला काय हवंय. देवाला दोनच शब्द ठेवायचे होते तर त्यातला एक 'न्हाय' तरी ठेवायचा होता! निदान माणसाला भांडता तरी आलं असतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. "बोलण्याचं घर निराळं, गाण्याचं निराळं. बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं राहतं. त्यांचीच गाणी त्यांना ऐकवा, शब्द डोळ्यांसमोर धरा. काय यायचं ते वर्षभरात येईल. पुढं अवघड."

आणि वर्ष तर संपत आलं होतं.

गाणी म्हणावीत तर शिवलीलानंच. गडहिंग्लजला तिच्या आईच्या तोंडून तिनं उचललेली, कागदावर कधी कुणी न उतरवलेली. मठात श्रावणातल्या सोमवारी बायकांचं भजनी मंडळ बसायचं. शिवलीला पुढं म्हणायची, मंडळ तिच्या मागून. मंडळात टाळ धरणारा एकटा बाप्या म्हणजे प्रभुलिंग. बसायचाही मागं, म्हणायचाही मागं, आणि सुरात तर कधीच नसायचा. "दाजींचा आवाज म्हंजे फाटक्या पत्र्यावर गारा," असं बायडाबाई तोंडावर म्हणायची. बायडाबाई म्हणजे शेजारीण, मंडळातली शिवलीलाची जोडीदारीण. अशाच एका सोमवारची, शहाण्णव-सत्त्याण्णव सालची एक कॅसेट घरात होती. तीत हे गाणं होतं, आणि शिवलीलाचा तेव्हाचा आवाज होता. नुसता खणखणीत!

दिवाळीला मुलगी शांभवी पुण्याहून आली ती काडेपेटीएवढं एक यंत्र घेऊनच. बारका पडदा, बारकी बटणं. "आप्पा, ह्यात गाणं लागलं की ओळी दिसत्यात. अव्वाची कॅसेट मी ह्यात भरते, ओळी तेवढ्या तुम्ही टाईप करा."

टाईप करणं म्हणजे त्याचा रोजचा धंदाच की. त्यानं एका बैठकीत ओळी उतरवल्या. यंत्रात घातल्या. शिवलीलाला खुर्चीत बसवलं, तिच्या हातात यंत्र दिलं आणि समोर उकिडवा बसला. गाणं सुरू झालं, आणि पडद्यावर चौकोन आले. ओळीनं नुसते चौकोन. शिवलीलानं ते निरखून पाहिले, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"व्हय की," ती म्हणाली. एवढी कीव तिनं त्याची लग्नाच्या पहिल्या वर्षीही केली नव्हती.

त्या चिनी यंत्राला मराठी येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर दिसेल, असं शांभवी फोनवर म्हणाली. पण शिवलीलाची शाळा चौथीपर्यंत, मराठी आणि थोडी कानडी. इंग्रजी अक्षरं आणि ते चौकोन तिला सारखेच. प्रभुलिंगनं यंत्र कपाटात कोंबलं आणि कपाटाचं दार असं आपटलं की वरचा डबा खाली आला.

मग शांभवीनंच दुसरा मार्ग काढला. पुढच्या खेपेला आली तेव्हा प्रेसच्या कॉम्प्युटरवर गाणं आणि एक प्रोग्रॅम घालून दिला. त्यात अक्षराचं वळण आपलं आपण निवडता येत होतं. प्रभुलिंगनं लग्नपत्रिकेचं वळण निवडलं आणि काय सांगायचं, गाणं दिसलं! वळणदार, ठसठशीत, नुसतं 'आग्रहाचे निमंत्रण' म्हणायचं बाकी.

उंबऱ्यात उभी मी रे, हाक मार एकदा
घागर माझी गळकी, वाट माझी चढाची
सांडत सांडत आले, भिजली पायरी मठाची

आता वेळा घालायच्या राहिल्या. गाणं लावायचं आणि ओळ सुरू झाली की लांबडी कळ दाबायची; वेळ आपोआप बसते. पण इथं दोन माशा शिंकल्या.

पहिली माशी म्हणजे एक ओळच नव्हती. घरच्या टेपरेकॉर्डरनं एकदा ती फीत खाल्ली होती. पेन्सिल घालून गुंडाळून घेतली, पण चुरगळलेला तुकडा चुरगळलेलाच राहिला. 'रिकामी घागर बघून हसत्यात साऱ्या बाया' एवढं स्वच्छ ऐकू यायचं, आणि पुढच्या ओळीला नुसती घुर्रघुर्र. शिवलीलाचं म्हणणंही त्यात गेलं आणि मागचं मंडळही गेलं. बाया हसल्या, मग त्या गळक्या घागरवालीनं काय उत्तर दिलं? गाण्याचा सगळा जीव तिथं, आणि तिथंच भोक!

प्रभुलिंगनं डोकं खाजवून खाजवून आठवलं. वीस वर्षं त्यानं ती ओळ म्हटली होती. आठवेना. बायडाबाईला विचारलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मला काय म्हाईत, दाजी? आक्का म्हणायची आन् आमी तिच्या मागनं म्हणायचो. ध्येनात कशाला ठेवतोय? ती हुती की पुढं."

मंडळातल्या सगळ्यांना विचारून झालं. सगळ्यांचं उत्तर तेच. मागून म्हणणाऱ्याला शब्द पाठ करावे लागत नाहीत; पुढचा म्हणतो, तो घास गिळायचा आणि पुढच्या घासाला तोंड उघडायचं. सगळं मंडळ आयुष्यभर एका बाईच्या जिवावर जेवलं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी ओळीच्या जागी त्यानं टिंबं दिली. पत्रिकेत एखादा मजकूर पार्टीकडून यायचा असला की देतात तशी.

दुसरी माशी अशी की वेळा जुळेनात. पुन्हा पुन्हा कळ दाबून फाईल केली, तरी ओळी उशिरा यायच्या. शिवलीलाचा आवाज ओळ म्हणून मोकळा व्हायचा आणि मग पडद्यावर ती ओळ उगवायची, वरात निघून गेल्यावर बँडवाले यावेत तशी. घोडं कुठं पेंड खातंय काही कळेना. त्यानं कळ बदलली, हेडफोन बदलला, गणपतरावांच्या मेल्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून फाईल शांभवीला धाडली. तिचा फोन आला तो हसतच.

"आप्पा, कॉम्प्युटर ठीक हाय. तुम्हीच उशिरा दाबताय. अव्वा म्हणून झाली, मंडळानं उचललं, की तुमचं बोट पडतंय."

"असं कसं हुईल? मी ध्यान दिऊन दाबतोय."

"ध्यान दिऊनच. तुम्ही जिथनं म्हणायचा तिथंच दाबताय."

प्रभुलिंगनं फोन ठेवला आणि स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. वीस वर्षं टाळ धरलेला तो अंगठा. गाढवाला तेवढंच ठाऊक होतं. त्याला इतका राग आला की तोच अंगठा त्यानं टेबलाच्या कडेवर हाणला आणि वर फुंकर घालत बसला. मग जुनी फाईल तशीच ठेवून नवी करायला घेतली. प्रत्येक ओळीला अंगठा शिवलीलाच्याही जरा आधी पडला पाहिजे. स्वतःच्या बायकोच्या पुढं जायचं! जन्मात कधी न केलेलं काम. त्यातच ती गारगोटीची नवरी राहून गेली.

फाईल झाली. सोमवारी प्रेस बंद. गणपतरावांनी किल्ली हातात ठेवली ती बोलतच. "चा-पानी कायतरी सांडू नका त्या कीबोर्डावर. आन् वैनींना ती खुर्ची द्या, माझी, हात टेकायची."

सोमवारी रिक्षातून तिघं आले: प्रभुलिंग, शिवलीला आणि तिला काखेत धरून बायडाबाई. बायडाबाईनं येताना पिशवीत टाळाची जोडी आणली होती. "वाईच वातावरण पायजे की," म्हणाली. शिवलीला मालकांच्या खुर्चीत बसली. केस विंचरलेले, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग ठेवायचा चांदीचा करंडक. बायडाबाईनं एक टाळ तिच्या चालत्या हातात, डाव्या हातात दिला. जोडीचा दुसरा दोरीनं लोंबत राहिला.

प्रभुलिंगनं गाणं लावलं.

ओळ आली. अगदी वेळेवर, शिवलीलाच्या आवाजाच्या केसभर आधी. खुर्चीतली शिवलीला ताठ झाली. तिनं ओळखलं. तिचे ओठ हलले.

"उं... उं..."

तोवर दहा वर्षांपूर्वीची शिवलीला अख्खी ओळ म्हणून पुढं गेली होती. खुर्चीतलीनं पुन्हा तोंड उघडलं. दुसरी ओळ आली. "घा... घा..." तीही गेली. तिसऱ्या ओळीला तिनं टाळाचा हात टेबलावर आपटला.

"व्हय की! व्हय की!"

"परत लावतो. घाबरू नगंस. बग, वळ दिसली की म्हणायची."

परत लावलं. परत तेच. मग आणखी एकदा, आणि आणखी. दर वेळी ती ओळीवर झेप घ्यायची आणि दर वेळी ओळ तिच्या हातून सुटायची. घाम फुटला तिला. प्रभुलिंग पडद्यावर बोट आपटून दाखवत होता, ही बघ, ही बघ. दिवाळीपासूनचं सगळं त्याच्या डोक्यात चढत होतं. ते चौकोन, ती टिंबं, तो अंगठा, दारात येऊन ठेपलेला चैत्र.

"आगं म्हण की!" तो ओरडला. "समोर लिवलंय, वाचाया येतंय, तुजंच गाणं हाय! जल्मभर सगळ्यांच्या पुढं पुढं म्हणलीस, आन् आता का दातखीळ बसली?"

प्रेसमध्ये गाणं तेवढं वाजत राहिलं. शिवलीला त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंड वाकडं करून ती अगदी हळू म्हणाली, "व्हय की."

"दाजी!" बायडाबाई कडाडली. "जिभंला हाड हाय का न्हाय? ती काय मुद्दाम करतीया व्हय? सवताला कवा एक वळ ध्येनात ऱ्हायली न्हाय, आन् तिला इचारतायसा!"

प्रभुलिंगला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काय बोललो हे आपण? हिच्या मागं बसून सगळं आयुष्य गेलं, आणि आज पहिल्यांदा पुढं झालो ते असं ओरडायला. त्यानं माऊस घेतला, डोळ्यांपुढं धड दिसत नव्हतं, आणि बंद करायला म्हणून कुठं तरी टिचकी मारली. बंद झालं नाही. शेजारची जुनी, उशिराची फाईल उघडली आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

"वाजू दे मरू दे," तो म्हणाला. "येवढं झालं की जाऊया घरला." आणि दाराशी काढलेल्या चपला शोधायला वळला.

मागून शिवलीलाचा जुना आवाज आला. 'उंबऱ्यात उभी मी रे, हाक मार एकदा.' पडदा मोकळाच होता. धरायला ओळच नव्हती, म्हणून खुर्चीतल्या शिवलीलानं झेप घेतली नाही. ती नुसती ऐकत राहिली. मग मंडळानं उचललं, आणि तेव्हा ओळ उगवली.

"उंबऱ्यात उभी मी रे, हाक मार एकदा."

प्रभुलिंगचा एक पाय चपलेत, एक बाहेर. टेपमधला आवाज नव्हता तो. जड होता, घोगरा होता, कडेला फाटलेला होता. बायडाबाईनं तोंडावर पदर दाबला आणि दुसऱ्या हातानं त्याला खुणावलं: गप, हलू नका.

'घागर माझी गळकी, वाट माझी चढाची,' जुनी शिवलीला म्हणाली. आणि मंडळाबरोबर, त्या फाटक्या पत्र्यावरच्या गारांबरोबर, खुर्चीतली शिवलीलाही म्हणाली. अख्खी ओळ. चढ, वाट, घागर, सगळं. पुढं म्हणणारी बाई आज मागून म्हणत होती.

प्रभुलिंग एका चपलेनिशी तिच्याजवळ येऊन बसला. लोंबणारा टाळ त्यानं उचलला. तिच्या डाव्या हातातल्या टाळावर त्यानं आपला टेकवला आणि दोघांत मिळून एक जोडी वाजायला लागली.

'रिकामी घागर बघून हसत्यात साऱ्या बाया.' मंडळानं म्हटलं, तिनं म्हटलं, त्यानं म्हटलं. आणि मग ते भोक आलं. घुर्रघुर्र. टेपमधली शिवलीला गेली. तिच्या मागून मंडळ गेलं. पडद्यावर लग्नपत्रिकेच्या वळणात टिंबं आली. प्रभुलिंगचा टाळ सवयीनं थांबला.

शिवलीला थांबली नाही.

"वाटंत त्योच तान्हेला," ती म्हणाली. पुढं कुणी नव्हतं. टेप नव्हती, ओळ नव्हती. "आला पानी प्याया."

आणि तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मठात बघायची तसं. उचला की, म्हणून.

प्रभुलिंगला सूर पहिल्यापासूनच नव्हता. तरी त्यानं उचललं.

"वाटंत त्योच तान्हेला, आला पानी प्याया."

टेप पुन्हा वाजायला लागली. गाणं संपलं. बायडाबाई उघड उघड रडत होती. प्रभुलिंगनं शिवलीलाच्या तोंडावरचा घाम पुसला आणि विचारलं, "पानी पायजे?"

"व्हय की," ती म्हणाली. त्यानं तांब्या पुढं केला. तिनं तो डाव्या हातानं बाजूला सारला.

बोलणं आलं नाहीच. चैत्र आला, गेला. डॉक्टरांनी खांदे उडवले. गणपतराव मात्र सोमवारची किल्ली न मागता द्यायला लागले, आणि बायडाबाईनं ती ओळ मंडळातल्या सगळ्यांकडून घोकून घेतली. "आता परत इसराल तर बगा," म्हणाली.

शांभवीचा फोन आला. "आप्पा, ओळ मिळाली म्हणं? मग फाईलमधे टिंबं काढून घाला की ती."

"न्हाय घालत."

"का?"

"तितं तुजी अव्वा पुढं म्हणती."

कुठल्या सोमवारी ती म्हणते. कुठल्या सोमवारी तिचे ओठ नुसते हलतात, टेप घुरघुरत राहते आणि पडद्यावर टिंबं येऊन थांबतात. प्रभुलिंगला आता ती ओळ पक्की पाठ आहे. तरी तो म्हणत नाही. हातातला टाळ वर धरून, तिच्या तोंडाकडं बघत थांबतो.